वजनाचा नियम मोडणारे अणू: दगडात, हिऱ्यात आणि बर्फात साठलेली जुनी हवा

खडकवेडा

ग्रहांच्या वातावरणाबद्दलच्या गप्पांत परवा एकाने विचारलं होतं, "अडीच अब्ज वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन नव्हता हे इतकं ठामपणे कशावरून सांगतात? तेव्हाची हवा कुणी बाटलीत भरून ठेवली आहे का?" प्रश्न रास्त आहे आणि तिथे चार ओळींत उत्तर मावत नव्हतं, म्हणून वेगळा धागा काढतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

सुरुवात ऑक्सिजनपासून. त्याचे स्थिर समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनांचे अणू) तीन: १६, १७ आणि १८. शंभरातले ९९.७६ टक्के अणू १६चे, साधारण ०.२ टक्के १८चे, आणि १७ जेमतेम ०.०४ टक्के. रासायनिक वागणूक तिघांची जवळजवळ एकच, फरक वजनाचा. पाण्याची वाफ होताना हलके रेणू किंचित जास्त उडतात, जड किंचित मागे राहतात. आता १६ आणि १७मध्ये एका न्यूट्रॉनचा फरक, १६ आणि १८मध्ये दोनांचा. त्यामुळे एखाद्या नमुन्यात १८चं प्रमाण जितकं सरकलेलं असेल, त्याच्या निम्म्याने (नेमकं सांगायचं तर साधारण ०.५२ पट) १७चं सरकलेलं असतं. समुद्राचं पाणी घ्या, पाऊस घ्या, शिंपले, चुनखडी, ग्रॅनाइट घ्या. आलेखावर १८ आडवं आणि १७ उभं मांडलं की सगळे बिंदू एका रेघेवर येतात. याला या धाग्यापुरता 'वजनाचा नियम' म्हणू.

८ फेब्रुवारी १९६९ला, मध्यरात्र उलटल्यावर, मेक्सिकोच्या चिवावा राज्यात अयेंदे नावाची अशनी पडली. दोन टनांहून जास्त माल लोकांनी शेतांतून, माळांवरून गोळा केला. तिच्या काळपट दगडात पांढरे ठिपके आहेत, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमने भरलेले. सूर्यमालेत गोठलेला सगळ्यात जुना घन पदार्थ तो हाच, वय ४.५६७ अब्ज वर्षं. शिकागो विद्यापीठात रॉबर्ट क्लेटन, लॉरेन्स ग्रॉसमन आणि तोशिको मायेदा यांनी त्यांतला ऑक्सिजन मोजला आणि १९७३मध्ये निष्कर्ष छापला: १७ आणि १८ दोन्ही कमी, हजारात जवळपास ४०ने, आणि दोन्ही सारख्याच प्रमाणात. रेघेचा चढ ०.५२ नाही, १ च्या आसपास!

तेव्हाची समजूत अशी की रसायनशास्त्राला फक्त वजन कळतं. वजनाचा नियम मोडला म्हणजे हे रसायनाचं काम नव्हे, कुठल्यातरी ताऱ्याच्या पोटात तयार झालेला शुद्ध ऑक्सिजन-१६ यात मिसळला असणार. वरकरणी तरी हे पटण्यासारखं होतं आणि दहा वर्षं ते टिकलंही.

मग १९८३. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत मार्क थीमन्स आणि जॉन हायडनराइश यांनी साध्या ऑक्सिजनमधून विजेचा विसर्ग सोडून ओझोन बनवला. द्रव नायट्रोजनच्या थंडीत ओझोन काचेला चिकटून राहतो, उरलेला ऑक्सिजन पंपाने ओढून घेता येतो. दोन्ही वेगवेगळे मोजले. ओझोनमध्ये १७ आणि १८ दोन्ही वाढलेले, आणि समसमान. चढ पुन्हा १. तारा नाही, स्फोट नाही, प्रयोगशाळेतली एक काचेची कुपी. मला हा विसाव्या शतकातल्या सगळ्यात सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो, कारण त्याने 'विचित्र म्हणजे परकं' हा विचारच मोडून काढला.

त्याच सुमारास उंचावरच्या हवेतल्या ओझोनमध्ये जड समस्थानिक अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचं मोजमापांतून दिसत होतं. म्हणजे कुपीत घडतं ते डोक्यावरही घडतंय.

आता मूळ प्रश्नाकडे. गंधकाचे स्थिर समस्थानिक चार: ३२, ३३, ३४, ३६. इथे वजनाचा नियम सांगतो की ३३ची सरक ३४च्या ०.५१५ पट हवी आणि ३६ची साधारण १.९ पट. २०००मध्ये जेम्स फार्कर, हुइमिंग बाओ आणि थीमन्स यांनी जुन्या खडकांतला गंधक मोजून प्रसिद्ध केला. साधारण २.४ अब्ज वर्षांपेक्षा जुन्या खडकांत ३३ नियमाला सोडून भरकटलेला, कधी अधिक बाजूला, कधी उणे बाजूला. त्यानंतरच्या खडकांत ही भरकट जवळपास शून्य. मधे सीमा आखल्यासारखी.

कारण असं: ज्वालामुखीतून सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. २२० नॅनोमीटरखालच्या अतिनील किरणांनी तो फुटला की गंधकाचे समस्थानिक वजनाच्या हिशोबाने वाटले जात नाहीत. आज हे किरण ओझोन आणि ऑक्सिजन वरच अडवतात, खाली येऊच देत नाहीत. शिवाय ही खूण खडकात उतरायची तर गंधकाने हवेतून खाली येताना निदान दोन वेगळ्या रूपांत यायला हवं, काही मूलद्रव्य गंधक म्हणून, काही सल्फेट म्हणून. हवेत ऑक्सिजन असला की सगळ्याचं सल्फेट होतं, दोन्ही वाटा एकत्र होतात आणि खूण पुसली जाते. पावलोव आणि कास्टिंग यांनी २००२मध्ये गणित मांडलं: खूण टिकायची तर ऑक्सिजन आजच्या पातळीच्या एक लाखाव्या हिश्श्याहूनही कमी हवा.

म्हणून ठामपणे सांगतात. हवा बाटलीत नाही, पण त्या हवेत ऊन काय करत होतं याची नोंद पायराइटच्या (लोह आणि गंधकाच्या खनिजाच्या) कणांत आहे.

---

सुमेधा_पु

वाचतेय. फार छान मांडलंय. एक शंका: ओझोनलाच हे का जमतं? तीन ऑक्सिजन जोडले की वजनाचा नियम का मोडावा?

---

खडकवेडा

सुमेधाताई, याचं उत्तर मिळायला बरीच वर्षं गेली आणि अजून ते पूर्ण बंद झालेलं प्रकरण नाही. सगळ्यात मान्य असलेलं स्पष्टीकरण रुडॉल्फ मार्कस यांचं (इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीच्या सिद्धांताबद्दल १९९२चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेच). त्यांनी आणि यी चिन गाओ यांनी २००१मध्ये ते मांडलं.

ऑक्सिजनचा एक अणू आणि एक रेणू एकमेकांवर आदळले की क्षणभर ऊर्जेने थरथरणारा ओझोन तयार होतो. ती जादा ऊर्जा दुसऱ्या एखाद्या रेणूला देऊन तो स्थिर झाला तर वाचला, नाहीतर पुन्हा फुटतो. आता १६-१६-१६ हा रेणू दोन्ही बाजूंनी सारखा. १६-१६-१८ किंवा १६-१६-१७ हे असमान. असमान रेणूला आपली ऊर्जा आत फिरवायला जास्त वाटा मोकळ्या असतात, तो थोडा जास्त वेळ तग धरतो, म्हणून स्थिर व्हायची संधी त्याला जास्त. आणि असमान व्हायला टोकाला १७ बसला काय नि १८ बसला काय, सारखंच. वजन किती हा प्रश्नच उरत नाही, वेगळा आहे की नाही एवढाच प्रश्न. म्हणून चढ १.

---

ध्रुव_८८

+१. जोडीला एवढंच की या विषयात आपल्याकडेही काम झालंय. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत एस. के. भट्टाचार्य यांनी ओझोन आणि संबंधित अभिक्रियांच्या समस्थानिकांवर प्रयोग केले. १९८९मध्ये थीमन्स यांच्याबरोबर त्यांचा शोधनिबंध आहे, ऑक्सिजनचा अणू आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या अभिक्रियेवर. हा परिणाम एकट्या ओझोनची मक्तेदारी नाही, हे त्या कामातून पुढे आलं.

---

रौप्यगंधा

मी समस्थानिकांच्याच प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे हे प्रत्यक्ष मोजतात कसं ते सांगते. बाहेरच्यांना वाटतं, दगड यंत्रात घातला आणि आकडा आला. तसं नसतं.

दगड आधी बारीक कुटायचा. मग आम्लात क्रोमियमचं द्रावण घालून तापवलं की पायराइटमधला गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन निघतो (वास सांगायला नको). तो वायू नायट्रोजनच्या झोताबरोबर सापळ्यात नेऊन चांदीच्या क्षारावर पकडायचा. शेवटी काळाकुट्ट सिल्व्हर सल्फाइड खाली बसतो. तो धुवून, अंधारात मुरू देऊन, वाळवून दोन-तीन मिलिग्रॅम तोलायचा. पातळ ॲल्युमिनियमच्या पुडीत गुंडाळून निकेलच्या नळीत टाकायचा आणि शुद्ध फ्लोरिन वायूबरोबर २५० अंश सेल्सियसच्या आसपास रात्रभर ठेवायचा. काच चालत नाही, फ्लोरिन काच खातो. सकाळी हातात येतो सल्फर हेक्साफ्लोराइड. तो गॅस क्रोमॅटोग्राफमधून शुद्ध करून मग मास स्पेक्ट्रोमीटरला (वजनानुसार कण वेगळे करून मोजणारं यंत्र).

एवढा खटाटोप कशाला? सल्फर डायऑक्साइड बनवणं सोपं असतं, पण त्यात ऑक्सिजन येतो आणि त्याचेही तीन समस्थानिक. जड रेणू दिसला तर वजन गंधकामुळे वाढलं की ऑक्सिजनमुळे, हे सुटं करता येत नाही. फ्लोरिनचा स्थिर समस्थानिक एकच, १९. त्यामुळे यंत्रात १२७, १२८, १२९ आणि १३१ या जागांवर जे दिसतं ते थेट ३२, ३३, ३४ आणि ३६. कसलीही सरमिसळ नाही.

३६ची गोष्ट वेगळी. हजारो अणूंत एखाद-दुसरा. १३१च्या जागी दुसऱ्या कुठल्या वायूचा जरासा अंश आला तरी आकडा बिघडतो. म्हणून जुन्या अनेक निबंधांत फक्त ३३ दिसेल, ३६ नाही. ज्यांनी ३६ नीट मोजलाय त्यांच्या निबंधाला मी मनातून जास्त मान देते.

---

निशाचर

रौप्यगंधा, हा प्रतिसाद वेगळा लेख होण्याच्या लायकीचा आहे. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

---

तर्कनिष्ठ

लेख आवडला, पण 'म्हणून ठामपणे सांगतात' इथे मला थांबावंसं वाटतं. १९७३ला पण लोक ठामच होते: चढ १ म्हणजे तारा. १९८३ला ते कोसळलं. मग 'गंधकाची भरकट म्हणजे सल्फर डायऑक्साइड आणि अतिनील किरण' हे उद्या कोसळणार नाही कशावरून? हिरोशी ओमोटो आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं आक्षेप घेत होते. २००९मध्ये वातानाबे, फार्कर आणि ओमोटो यांचाच प्रयोग आहे: अमिनो आम्लांबरोबर सल्फेट तापवलं, ऊन नाही, वातावरण नाही, तरी गंधक-३३ भरकटलेला मिळाला. मग खडकात मिळालेली खूण हवेतली की जमिनीखालच्या उष्णतेतली?

---

खडकवेडा

तर्कनिष्ठ, नेमक्या जागी बोट ठेवलंत. याच आक्षेपामुळे हा विषय भक्कम झाला असं माझं मत आहे. आणि फार्कर यांनी आपल्याच निष्कर्षाला धक्का देऊ शकेल अशा प्रयोगात हात घातला, याचं मला फार कौतुक वाटतं.

उत्तर रौप्यगंधाच्या ३६मध्ये आहे. तापवण्याच्या त्या प्रयोगांत मुख्यतः ३३ भरकटतो, ३६ जवळपास आपल्या जागी राहतो. याचं संभाव्य कारण चुंबकीय परिणाम: चार समस्थानिकांत ३३ एकटाच विषम, त्याच्याच केंद्रकाला चुंबकत्व आहे. ३२, ३४, ३६ तिघांना नाही. पुरातन खडकांत मात्र ३३ आणि ३६ दोन्ही भरकटलेले असतात आणि एकमेकांच्या उलट दिशेने: ३३ जितका अधिक, ३६ साधारण तितकाच उणे. चुंबकीय परिणामाला हे जमत नाही. उन्हाला जमतं.

शिवाय पसारा बघा. दक्षिण आफ्रिका, पश्चिम ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आपल्याकडे धारवाड पट्टा. खडकांचा इतिहास वेगळा, तापण्याचं प्रमाण वेगळं, आणि खूण सगळीकडे त्याच काळापर्यंत. स्थानिक उष्णतेचा खेळ असता तर जगभर एकाच वेळी थांबला नसता. दक्षिण आफ्रिकेत जमिनीत भोक पाडून काढलेल्या खडकाच्या गाभ्यांवरून हा बदल २.३३ अब्ज वर्षांच्या आसपास आणला गेलाय.

मी ठाम आहे ते ऑक्सिजन नगण्य होता याबद्दल. नेमका कुठल्या लांबीच्या किरणांनी, कुठल्या अभिक्रियेने खूण उमटवली याबद्दल नाही. प्रयोगशाळेत सल्फर डायऑक्साइड फोडून मिळणारे आकडे खडकांशी तंतोतंत जुळत नाहीत, हे काम अजून चालू आहे.

---

तर्कनिष्ठ

३६चा मुद्दा पटला. दोन खुणा एकत्र पाहिल्यावर आक्षेपाला जागा उरत नाही. धन्यवाद.

---

मृगजळ

हिऱ्यांचा उल्लेख शीर्षकात आहे, लेखात नाही. तो कुठे आला?

---

रौप्यगंधा

मी सांगते, हा माझा आवडता भाग. बोत्सवानातल्या ओरापा खाणीतल्या हिऱ्यांत गंधकाच्या खनिजांचे बारीक कण अडकलेले असतात. २००२मध्ये त्यांत हीच भरकट सापडली. विचार करा: ही खूण फक्त हवेत तयार होते, आणि हिरे तयार होतात दीडशे किलोमीटरहून खोल. म्हणजे तेव्हाच्या हवेतला गंधक समुद्रतळावर बसला, तो तळ पृथ्वीच्या पोटात ओढला गेला, तिथे हिऱ्यात बंद झाला आणि मग ज्वालामुखीच्या नळीतून वर आला.

दुसरा पुरावा पॅसिफिकमधल्या कुक द्वीपसमूहातल्या मंगाया बेटाचा. तिथला लाव्हा अवघा दोनेक कोटी वर्षांचा. त्यातल्या ऑलिव्हिन या खनिजात बंद असलेल्या सल्फाइडमध्येही तीच खूण, २०१३चा शोधनिबंध आहे. दोन कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन भरपूर होता, तेव्हा ही खूण नव्याने तयार होणं शक्यच नाही. म्हणजे अडीच अब्ज वर्षांपूर्वी बुडालेला पृष्ठभाग प्रावरणात (कवचाखालच्या जाड थरात) इतका काळ न मिसळता राहिला आणि पुन्हा वर आला. प्रावरण किती वेगाने ढवळलं जातं हा भूभौतिकीतला जुना वाद. त्यात हवेतल्या गंधकाने साक्ष द्यावी, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

---

सह्याद्रीकर

वा! आणि बर्फाचं काय?

---

खडकवेडा

बर्फाची खूण आजच्या काळातली आहे. वर म्हटलं की आज ते अतिनील किरण खाली पोचत नाहीत. पण एखादा ज्वालामुखी इतका जोरात फुटला की त्याचा वायू ओझोनच्या थरात किंवा त्याच्याही वर गेला, तर तिथे किरण आहेतच. १९६३चा बालीतला आगुंग आणि १९९१चा फिलिपिन्समधला पिनातुबो, या दोन्हींचा सल्फेट दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात उतरलेला आहे आणि त्यात ३३ भरकटलेला आहे. छोट्या, खालच्या थरातच विरून गेलेल्या उद्रेकांच्या सल्फेटमध्ये तो नियमात असतो.

उपयोग थेट आहे. बर्फाच्या गाभ्यात दोन हजार वर्षांपूर्वीचा सल्फेटचा थर सापडला, तर तो जवळच्या साध्या उद्रेकाचा की साऱ्या जगाची हवा थंड करणाऱ्या मोठ्या उद्रेकाचा, हे नुसत्या प्रमाणावरून कळत नाही. ३३वरून कळतं. आणखी एक बारकावा: एकाच उद्रेकाच्या थरात भरकट आधी अधिक आणि नंतर उणे दिसते. आधी तयार झालेला सल्फेट आधी खाली आला, उरलेला नंतर.

---

ध्रुव_८८

ऑक्सिजन-१७कडे परत येतो, कारण हुइमिंग बाओ यांचं त्यातलं काम गंधकाच्या तोडीचं आहे आणि त्याची चर्चा फार होत नाही.

वरच्या हवेत ओझोन आपला जादा १७ कार्बन डायऑक्साइडला देतो. देवाणघेवाणीत कुणाकडे वाढलं तर कुणाकडे तरी कमी होणारच. कमी होतं ते साध्या ऑक्सिजन वायूत. म्हणजे आपण श्वासात घेतो त्या हवेत १७ किंचित उणा आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड जितका जास्त तितका हा उणेपणा खोल. दुसऱ्या बाजूने झाडं आणि शेवाळं प्रकाशसंश्लेषणात पाण्यातून नवा, नियमातला ऑक्सिजन सोडत राहतात आणि उणेपणा भरून काढतात.

आता हा उणेपणा दगडात कसा जातो? पायराइट हवेत गंजतो तेव्हा त्याच्या सल्फेटमध्ये हवेतल्या ऑक्सिजनचा एखादा अणू शिरतो. सल्फेटमधला ऑक्सिजन साध्या परिस्थितीत पुढे बदलत नाही. ६३.५ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी जवळजवळ पूर्ण बर्फाने झाकली गेली होती, त्यानंतरच्या थरांतल्या सल्फेटमध्ये बाओ आणि सहकाऱ्यांनी १७ हजारात ०.७पर्यंत उणा मोजला (२००८). कार्बन डायऑक्साइड प्रचंड वाढल्याशिवाय तेवढं होत नाही. बर्फाखाली समुद्र झाकलेला, दगड झिजणं बंद, ज्वालामुखी चालू, त्यामुळे तो वायू साठत गेला आणि शेवटी त्यानेच बर्फ वितळवलं, या कल्पनेला हा आधार.

२०१८मध्ये कॅनडातल्या सिब्ली खोऱ्यातल्या १.४ अब्ज वर्षांच्या सल्फेटमध्येही मोठा उणेपणा मिळाला. तिथे त्याचा अर्थ असा लावला की तेव्हाची जीवसृष्टी आजच्या मानाने फारच कमी ऑक्सिजन तयार करत होती. सल्फेटच्या एका खड्यावरून सगळ्या ग्रहाच्या जीवसृष्टीचा अंदाज!

---

सुमेधा_पु

ध्रुव, एक विचारू? उणेपणा दोन कारणांनी वाढू शकतो, कार्बन डायऑक्साइड जास्त किंवा प्रकाशसंश्लेषण कमी. मग कुठलं कारण धरायचं?

---

ध्रुव_८८

बरोबर, एका आकड्यात दोन अज्ञातं आहेत (खरं तर ऑक्सिजनचं एकूण प्रमाण धरलं तर तीन). म्हणून सिब्लीच्या निबंधात नेमका एक आकडा दिलेला नाही. बाकीची दोन प्रमाणं जिथवर शक्य वाटतात तिथवर ताणून पाहिली आणि मिळालं ते उत्तर पट्ट्यात दिलं. पट्टा रुंद आहे, पण वरचं टोकसुद्धा आजच्या खाली येतं.

---

तारांगण

मंगळाबद्दल कुणीच बोललं नाही अजून! नासाच्या क्युरिऑसिटी या मंगळावरच्या गाडीला गेल क्रेटरमध्ये (विवरात) कार्बन-१३ अतिशय कमी असलेला कार्बन मिळाला, हजारात १३७ने कमी. पृथ्वीवर एवढा कमी म्हणजे मिथेन खाणारे जीवाणू. मग मंगळावर जीवसृष्टीचा पुरावा का मानत नाहीत?

---

खडकवेडा

तारांगण, २०२२च्या त्या निबंधात लेखकांनीच तीन शक्यता दिल्यात: जीवाणूंचा मिथेन, अतिनील किरणांनी कार्बन डायऑक्साइड फुटून झालेलं रसायन, किंवा सूर्यमाला एखाद्या मोठ्या आंतरतारकीय ढगातून गेली तेव्हाची धूळ. त्यानंतर २०२४मध्ये युइचिरो उएनो यांच्या गटाने दाखवलं की कार्बन डायऑक्साइडवर अतिनील किरण पाडले की निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये कार्बन-१३ खूपच कमी होतो, आणि त्यापासून बनलेले सेंद्रिय पदार्थ गेल क्रेटरसारखेच दिसू शकतात. माझा कल याच बाजूला आहे.

पण यामागे एक अडचण आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. कार्बनचे स्थिर समस्थानिक दोनच: १२ आणि १३. वजनाचा नियम तपासायला तीन लागतात! दोनच असले की 'प्रमाण बदललं' एवढंच कळतं, नियमाने बदललं की नियम मोडून, हे कधीच कळणार नाही. हायड्रोजनचं तेच, नायट्रोजनचं तेच. शुक्रावर जड हायड्रोजनचं प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटीहून जास्त आहे, त्यावरून तिथलं पाणी अवकाशात निसटलं असं म्हणतात, आणि ते बहुधा खरंही आहे, पण सुरुवातीला किती पाणी होतं हे त्या एका आकड्यातून निघत नाही.

म्हणून मंगळावर कार्बनला साक्षीदार हवा गंधक किंवा ऑक्सिजन. आणि तो अशनींमुळे काही प्रमाणात मिळालेला आहे. २५ ऑगस्ट १८६५ला बिहारमध्ये गयेजवळ शेरघाटीला एक अशनी पडली. 'शर्गोटाइट' या मंगळाच्या दगडांच्या मोठ्या गटाचं नाव तिच्यावरून आलंय. मंगळाच्या दगडांचा ऑक्सिजन पृथ्वीच्या रेघेच्या वर, हजारात ०.३ने, समांतर रेघेवर बसतो. सगळ्या मंगळी अशनी एकाच ग्रहाच्या, हे त्यावरून ओळखता येतं. आणि १९११मध्ये इजिप्तमध्ये पडलेल्या नाखलासारख्या अशनींत गंधक-३३ भरकटलेला सापडलाय: मंगळाच्या हवेतही ऊन गंधकाचे रेणू फोडत होतं आणि ते जमिनीत उतरत होतं. म्हणजे तिथे उन्हाचं रसायन चालू होतं हे तीन-चार समस्थानिकांच्या मूलद्रव्यांनी आधीच सिद्ध केलंय. मग कार्बनसाठी लगेच जीवाणूंकडे का धावावं?

---

तारांगण

हे असं कधी वाचलं नव्हतं. दोन आणि तीन समस्थानिकांमधला फरक आज कळला.

---

निशाचर

मग अयेंदेच्या पांढऱ्या ठिपक्यांचं शेवटी काय ठरलं? तारा नाही म्हणता, तर ओझोन का?

---

खडकवेडा

ओझोनही बहुधा नाही. सूर्यमाला तयार होताना धुळीच्या चकतीत ऑक्सिजनचा मोठा वाटा कार्बन मोनॉक्साइडमध्ये होता. त्याला फोडणारे अतिनील किरण ठरावीक, अगदी बारीक रेषांवर शोषले जातात आणि प्रत्येक समस्थानिकाच्या रेषा किंचित वेगळ्या. १६वाले रेणू इतके जास्त की त्यांच्या वाटचे किरण बाहेरच्या थरातच संपतात. आत पोचतात ते फक्त १७ आणि १८ला फोडणारे. मोकळे झालेले १७ आणि १८ हायड्रोजनला मिळून पाण्याचं बर्फ बनतं, आणि ते बर्फ पुढे दगड घडवणाऱ्या धुळीत मिसळतं. इथेही वजनाला महत्त्व नाही, कुणाची संख्या किती यालाच आहे.

याची कसोटी मोठी सुरेख होती. हे खरं असेल तर मूळ मिश्रण, म्हणजे सूर्य, ऑक्सिजन-१६ने श्रीमंत निघायला हवा आणि पृथ्वीच बदललेली ठरायला हवी. क्लेटन यांनी स्वतः २००२मध्ये आपलं जुनं मत बाजूला ठेवून ही कल्पना मांडली. त्याआधीच, ऑगस्ट २००१मध्ये, नासाचं जेनेसिस यान सौर वारा (सूर्यातून बाहेर वाहणारे कण) गोळा करायला निघालं होतं. ८ सप्टेंबर २००४ला परत येताना त्याचं पॅराशूट उघडलं नाही आणि कुपी युटाच्या वाळवंटात आदळली. नमुन्यांच्या पट्ट्यांचे तुकडे झाले, त्यांत चिखल गेला. लोकांनी ते तुकडे वेचले, ओळखले, धुतले. २०११मध्ये केविन मॅककीगन यांच्या गटाने आकडा दिला: सूर्यात १७ आणि १८ पृथ्वीच्या मानाने हजारात साधारण ६० ने कमी. म्हणजे ऑक्सिजनच्या मापात पांढरे ठिपके सूर्याच्या जवळचे, आपण दूरचे.

---

तर्कनिष्ठ

म्हणजे १९७३ला ज्याला परकं समजत होते तेच मूळचं निघालं. आणि चंद्र? तो कुठल्या रेघेवर?

---

रौप्यगंधा

पृथ्वीच्याच. अपोलोच्या दगडांवर २००१मध्ये फार बारकाईने मोजलं तरी फरक सापडला नाही. मंगळाच्या आकाराचं काहीतरी धडकून चंद्र झाला असं मानलं, तर चंद्रात त्या धडकणाऱ्याचा मोठा वाटा हवा आणि त्याचा ऑक्सिजन वेगळा असण्याची शक्यता जास्त. एकतर तो आपल्याच रेघेवरचा होता, किंवा धडकेत दोघांचं पूर्ण मिश्रण झालं. त्यावर अजून भांडण आहे, कारण मोजमाप आता दशलक्षात काही भागांपर्यंत पोचलंय आणि तिथे यंत्राचा, नमुना साफ करण्याच्या पद्धतीचा प्रश्न येतो. यावर वेगळा धागा काढा कुणीतरी, मी आकडे घेऊन येते.

---

सह्याद्रीकर

काढतो. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) म्हणण्याची वेळ तुमच्यावर येऊ दे.